बेडकी, म्हैस आणि आपलं भांडण

दादा,

मागच्या रविवारी ते आले होते! रविवारी मुंबईहून फिरायला निघतात ते महागड्या गाड्यांवाले. सात गाड्या. सकाळचे पावणेआठ झाले असतील. मी तुझ्या गॅरेजसमोर, तलासरीच्या हायवेला तोंड करून, तुझ्याच खुर्चीवर बसले होते. तू गेल्यानंतरचा तिसरा रविवार. बोर्डीहून रिक्षाने एवढ्या सकाळी कशाला आलीस, असं मीनावहिनीने विचारलं, तेव्हा मी काहीतरी पुटपुटले. खरं कारण मलाही माहीत नव्हतं. आणि मग मुंबईच्या बाजूने तो आवाज आला. अजून गाडी दिसत नव्हती. मी डोळे मिटले, तू शिकवलं होतंस तसे, आणि पहिल्या दोन सेकंदांत ओरडले, "बेडकी!"

लक्ष्मण आतून हातातल्या पान्यासकट धावत बाहेर आला. रस्त्याकडे मान वळवून जरा ऐकलं आणि म्हणाला, "एक नाय ताई, दोन हायत."

आणि सातांत बेडक्या दोनच निघाल्या! पिवळी पुढे, लाल तिच्या मागे, जमिनीला पोट टेकवल्यासारख्या. क्षणात आमच्यासमोरून गेल्या आणि गुजरातच्या दिशेने नाहीशा झाल्या. बारा वर्षं तू मला हे ओळखायला शिकवत होतास आणि बारा वर्षं मी कधी ट्रकला बेडकी म्हणत होते, कधी बेडकीला बुलेट. त्या दिवशी बरोबर आलं. मी एवढी खूश झाले की फोन काढून तुझं नाव शोधलं, अंगठा त्याच्यावर ठेवलासुद्धा. मग तशीच बसून राहिले.

म्हणून हे लिहिते आहे. इतरांनी तुझ्याबद्दल बोलायचं ते बोलून झालं. मनमिळाऊ, मेहनती, हायवेचा डॉक्टर, सगळं झालं. आपलं भांडण मात्र कुणी काढलं नाही. ते फक्त आपल्या दोघांचंच होतं ना.

बेडकी हे नाव आईचं. तेव्हा आई होती. वाडीतले चिकू घेऊन ती गॅरेजवर आली होती, आणि त्याच वेळी एक लालभडक गाडी हवा भरायला तुझ्या दारात थांबली. आई तिच्याभोवती पूर्ण एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर बेडकीसारखी बसलीय. आता उडी मारेल." तुझ्या हातातला चहा हिंदकळून शर्टावर सांडला. त्या इटालियन कंपनीचं नाव तुला कधी नीट उच्चारता आलं नाही. तुझ्या तोंडी ते दर वेळी वेगळं व्हायचं, म्हणून आपण तिला नुसतं 'कंपनी' म्हणायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण वापीच्या एखाद्या कारखान्याबद्दल बोलतोय.

बाबांनी तुला वाडी सांभाळायला सांगितली आणि तू इंजिनं सांभाळायला पळालास. तुझ्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे ट्रक, टेम्पो, जीप. त्या कंपनीची गाडी घेणं सोड, तिची काच पुसायला मिळणंही अवघड. तरी तू तिच्याबद्दल असं बोलायचास, जसं काही ती आपल्या भावकीतली आहे.

मग तो फोन. मी डहाणूच्या कॉलेजात तास संपवून जिना उतरत होते. तुझा आवाज ऐकून मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं.

"सुजा, कंपनीने घात केला."

"काय झालं?"

"चार दरवाजे काढले! उंच गाडी. मागे डिकी. डिकीत भाजी राहील, बोचकी राहतील, कुत्रं राहील!"

"मग राहू दे ना."

मग म्हणालास, "तुला कॉमर्स शिकवायला ठेवलंय कुणी?"

तिथून सुरू झालं. आईने त्या उंच गाडीचा फोटो पाहिला आणि एका शब्दात निकाल लावला: म्हैस. बेडकी आणि म्हैस. पुढे किती रविवार आपण त्या दोघींवर घालवले!

तुझं म्हणणं सरळ होतं. जिने जन्मभर दोनच माणसांची गाडी केली, जिची ओळखच ती की तिच्यात फालतू काही मावत नाही, तिने सगळ्यांना मावेल अशी गाडी काढली तर ती कोण राहिली? "आज म्हैस काढली. उद्या शेळी काढतील. परवा कोंबडी. मग गोठाच म्हण की त्याला! गोठ्याकडे वळून कोण बघतो?" त्याच कंपनीच्या नावाचं अत्तर निघालं तेव्हा तर तू जेवलाच नाहीस. "गाडीच्या नावाने अत्तर! बोनेट उघड आणि घे म्हणावं वास!"

माझं म्हणणंही सरळ होतं. बेडकी किती जण घेणार? एवढ्या थोड्या गाड्यांवर एवढी मोठी कंपनी किती दिवस चालणार? "दादा, म्हशीच्या दुधावरच बेडकी जगते आहे," असं मी म्हणाले, तेव्हा लक्ष्मण गाडीखालून हसला. तू त्याला खालीच राहायला सांगितलंस.

एकदा तू चिकूवर आलास. मला वाटतं तो तुझा सगळ्यात जोरदार रविवार होता. "मुंबईच्या बाजारात कुठलाही चिकू घोलवडचा म्हणून विकतात, तेव्हा तुला राग येतो की नाही?" मी म्हटलं, येतोच. "मग?" मी म्हटलं, "ते दुसऱ्याच्या झाडाला आपलं नाव लावतात. ही कंपनी स्वतःच्याच मातीत दुसरं झाड लावते आहे." तू बोटांवरचं ग्रीस पुसलंस. मग म्हणालास, "झाड कुणी लावलं ते नंतर. पाणी कोण घालतो ते बघ." मला ते उत्तर वाटलं नाही. मला वाटलं, तू विषय बदललास. मनातल्या मनात मी तो रविवार जिंकले म्हणून नोंदवलासुद्धा.

आणि म्हैस स्वतःच दारात आली तो दिवस! मला तो कुणाला तरी पहिल्यापासून सांगायचाच आहे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सुरतेच्या हेतलबेन. पन्नाशीच्या, केस कापलेले, स्वतः गाडी चालवत होत्या. शेजारी त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, मांडीवर खाखऱ्याचा डबा. गाडीखालून फडफड आवाज येतो, म्हणून त्या घाबरून थांबल्या होत्या. तू म्हशीकडे असा पाहिलास, जसा एखादा माणूस लग्नात नको असलेल्या नातेवाइकाकडे पाहतो. पण आवाज म्हटल्यावर तुझा राग टिकत नसे. त्यांना गाडी पन्नास पावलं पुढे-मागे न्यायला लावलीस, डोकं वाकडं करून ऐकलंस आणि गाडी थांबायच्या आधीच सांगितलंस, "काही नाही. खाली दगड लागलाय. झाकणाचे दोन बोल्ट सुटलेत." झालंही तसंच. दहा मिनिटांत काम संपलं.

हेतलबेननी पाकीट काढलं. तू हात मागे घेतलास. मान खाली घालून, लाजून, शाळेतल्या मुलासारखा म्हणालास, "बेन, एकदा चालवून बघू?"

त्यांनी चावी तुझ्या हातावर ठेवली. "ल्यो भाई, चलावो ने."

सासूबाईंना उतरा म्हटलं तर त्या उतरेनात. "हूं नथी उतरवानी," म्हणाल्या आणि पट्टा आणखी घट्ट केला. मी आणि हेतलबेन मागे बसलो. तू हात धुतलेस, पुन्हा धुतलेस, पँटला पुसलेस, आणि मग स्टिअरिंगवर ठेवलेस.

दादा, तुझा चेहरा मला आरशात दिसत होता. हायवेला लागेपर्यंत तू म्हैस हाकतोयस असाच होतास. मग मोकळा रस्ता मिळाला, तू पाय दाबलास, आणि आपण सगळे सीटला चिकटलो! तुझ्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. लहानपणी बोर्डीच्या समुद्रात मोठी लाट अंगावर आली की तू असा ओरडायचास. म्हातारी टाळ्या वाजवत होती. "जोरथी, बेटा, जोरथी!" हेतलबेन मला सांगत होत्या की त्यांच्याकडे आधी त्याच कंपनीची बसकी गाडी होती. पण सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना त्यात बसता-उठता येईना, आणि त्यांना तर गाडीचं भारी वेड. "माजीने घेर मूकीने केम जाऊं?" माजींना घरी ठेवून कसं जायचं, म्हणून ही घेतली. तू ते ऐकत होतास. मला माहीत आहे, कारण तुझे कान लाल झाले होते.

परत आल्यावर तू उतरलास, दार हलकेच लावलंस. त्या दोघी गेल्या. मी दम धरून उभी होते.

"मग? म्हैस?"

तू रस्त्याकडे बघत म्हणालास, "मुऱ्हा आहे."

म्हशींतली सगळ्यात भारी जात! मी नाचलेच! त्यावर तू एवढंच बोललास, "नाचू नको. मुऱ्हा झाली तरी म्हैसच." पण तू हरला होतास, किंवा निदान मला तसं वाटलं. आणि त्या वाटण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

मी तुझ्या मागे लागले. कंपनीला जमतं तर तुला का नाही? चारोटी नाक्यावर जागा आहे, माणसं ठेव, हाच बोर्ड, हेच रंग, 'नंदू ऑटो, चारोटी'. मी तुला वहीत आकृत्या काढून दाखवल्या. बोर्डावरच्या अक्षरांचा आकारही मी ठरवला. तू नको नको म्हणत होतास. शेवटी म्हणालास, "तुला एवढं वाटतंय तर काढू." माझ्यासाठी काढलंस तू ते. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी नारळ फोडताना सगळ्यात पुढे होते.

आठ महिन्यांनी तू ते बंद केलंस. एका आठवड्यात बोर्ड उतरला. मला म्हणालास, "माणसं मिळत नाहीत."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "माणसं मिळतात. तुलाच मोठं व्हायची भीती वाटते. तू भित्रा आहेस दादा, आणि ते झाकायला बिचाऱ्या कंपनीला शिव्या घालतोस."

भाऊबीजेला नेहमीसारखा आलास, ओवाळून घेतलंस, बासुंदी दोनदा मागून घेतलीस. पण कंपनीचं नाव काढलं नाहीस. पुढचं वर्षभर काढलं नाहीस. मीही काढलं नाही. रविवारी मी आले तर आपण वाडीबद्दल बोलायचो, पाणी, खत, कुंपण. गाड्या समोरून जायच्या आणि आपण दोघं दुसरीकडे बघायचो. "चुकले" एवढा एक शब्द होता. रोज वाटायचं, येत्या रविवारी म्हणू. मग एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, खुर्चीवर बसून, हातातला चहा अर्धा पिऊन झाल्यावर तू गेलास. लक्ष्मण सांगतो, काही आवाज झाला नाही. तुझ्या बाबतीत हे मला फार विचित्र वाटतं.

आता ऐक. ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे, ते आता येतंय.

तुझ्या बाराव्याला जेवणं उरकली होती. मी मागच्या अंगणात पत्रावळी गोळा करत होते. लक्ष्मण आला. झरीहून त्याची बायको, सून, सगळे आले होते, त्यांना त्याने पुढे पाठवलं होतं. बावीस वर्षं तुझ्याकडे काम केलेला माणूस, माझ्यासमोर उभा राहून टोपी चुरगळत होता.

"ताई, शेठनी सांगू नको म्हटलेलं. पण आता शेठ नाय. माझ्या पोटात ऱ्हात नाय."

आणि त्याने मला चारोटीचं सांगितलं.

बोर्ड उतरला त्या आठवड्यात एक दिवस तू दुपारी तलासरीहून चारोटीला गेला होतास, मोटरसायकलवर, लक्ष्मण तुझ्या मागे बसून. तुम्ही गॅरेजपाशी वळत असताना एक जीप बाहेर पडून डहाणूच्या रस्त्याला लागली. लग्नाची माणसं, आत खच्चून भरलेली, टपावर गाद्या. जीप तुमच्या जवळून गेली आणि तू ब्रेक मारलास. "लक्ष्मण, ऐकलंस?" त्याने ऐकलं नव्हतं. तू आत ओरडलास, त्या जीपचं काय केलं? पंक्चर काढलं, मागचं चाक. नट आवळले? तिथला माणूस दुसऱ्याकडे बघायला लागला. दुसरा म्हणाला, मी हाताने फिरवले होते, हा आवळणार होता. पहिला म्हणाला, मला वाटलं ह्याने आवळले.

तू पाना उचललास आणि मोटरसायकल वळवलीस.

लक्ष्मणच्या अंगात हे सांगताना पुन्हा वारं भरलं होतं, दादा! पत्रावळी राहिल्या बाजूला, तो अंगणात मोटरसायकल चालवून दाखवत होता. तू कधी वेगाने न जाणारा माणूस, ट्रकच्या आणि बसच्या मधून घुसत होतास. जीप दिसली. लक्ष्मणने खांद्यावरचा टॉवेल काढून हलवायला सुरुवात केली. जीपवाल्याने आरशात पाहिलं, कुणीतरी दोघं ओरडत, टॉवेल हलवत मागे लागलेत. त्याला वाटलं भांडायला आले. त्याने वेग वाढवला!

"ताई, आमी जेवढं वरडू तेवढा तो पळे. नि चाक आता डोळ्यांनी हलताना दिसे. शेठ रडत होते नि गाडी हाणत होते."

रानशेतजवळ उतार लागायच्या आधी तू पुढे निघालास. पुढे जाऊन मोटरसायकल रस्त्यात आडवी टाकलीस आणि स्वतः तिच्यासमोर उभा राहिलास, दोन्ही हात वर करून. जीप तुझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर मारायलाच उतरला. त्याने तुझी कॉलर धरली. तू तसाच, कॉलर त्याच्या मुठीत असताना, मागच्या चाकापाशी बसलास आणि नटाला बोट लावलंस. नट बोटाने फिरला. दोन तर नव्हतेच, कुठेतरी रस्त्यात पडले होते.

ड्रायव्हरने कॉलर सोडली. आतली माणसं एकेक करून उतरली. एका आजीच्या मांडीवर नवरीचा चुडा होता, ती तो पदराखाली घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. तू चारही चाकांचे नट तपासलेस. कमी पडलेले दोन नट दुसऱ्या चाकांतून एकेक काढून बसवलेस, सगळे पुन्हा आवळलेस. ड्रायव्हरने तुझ्या शर्टावरचं नाव वाचलं.

"नंदू ऑटो? म्हणजे तूच का?"

"हो," तू म्हणालास. "मीच."

जीप हळूहळू उतार उतरून गेली. मग तू चार पावलं झाडाखाली जाऊन बसलास. उठल्यावर लक्ष्मणला म्हणालास, "बोर्ड उतरव. आणि सुजाला ह्यातलं काही कळता कामा नये. ती स्वतःला लावून घेईल."

लक्ष्मण गेल्यावर मी पत्रावळींसमोर उभी होते. वहिनी आली, तिला वाटलं मी तुझ्या आठवणीने रडते आहे. रडत होतेच. पण त्यात मला तुझा एवढा अभिमान वाटत होता, दादा, की कुणाला तरी हलवून सांगावंसं वाटत होतं: माझा भाऊ जीपसमोर उभा राहिला! आणि मी त्याला भित्रा म्हणाले होते. चुकले. ऐकतोस? चुकले मी.

पण थांब. तू जिंकलास असं मात्र मी म्हणणार नाही. आता खरं भांडण सुरू होतंय.

ह्या सोमवारी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, पातळ लॅपटॉप, मुंबईचे. त्यांना हायवेवर ठिकठिकाणी सर्व्हिस सेंटर काढायची आहेत आणि त्यासाठी त्यांना तुझं नाव हवं होतं. "ट्रक ड्रायव्हरांत ह्या नावाला किंमत आहे, मॅडम. नाव तसंच ठेवू, फोटोही लावू." वहिनीने पदराने हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "तो तुझ्याशीच ह्यावरून भांडायचा. तूच ठरव." रक्कम चांगली होती. वहिनीला तिची गरज नाही असं नाही.

इतकी वर्षं ज्याची वकिली केली ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलेलं होतं. मी त्यांना विचारलं, "गाडी बाहेर पडताना ऐकणार कोण?"

"म्हणजे?"

"प्रत्येक ठिकाणी, गाडी निघताना तिचा आवाज ऐकून थांबवणारा माणूस कोण असेल? तो तयार कोण करणार?"

ते हसले. म्हणाले, आमच्याकडे मशीन असतं, चेकलिस्ट असते. वाईट माणूस नव्हता तो. मलाही वर्षभरापूर्वी हेच उत्तर पुरेसं वाटलं असतं.

मी नाही म्हणाले. वहिनीने मान हलवली आणि चहा टाकायला उठली. जाता जाता म्हणाली, "बरं झालं. त्याचा फोटो हायवेवर धूळ खात राहिला असता." गॅरेज आता लक्ष्मण चालवेल, त्याच्या स्वतःच्या नावाने. त्याला ते पटायला दोन दिवस लागले. "गिऱ्हाईक येल का, ताई?" असं तीनतीनदा विचारत होता. वहिनीने त्याला सांगितलं, "तू आमचं नाव लावलंस तर आम्हाला रोज येऊन बघावं लागेल. तुझं लाव. तूच बघ."

तर माझं म्हणणं असं आहे, आणि तू मध्ये बोलू नकोस. तू म्हणायचास, पसरलं की ओळख जाते. मी म्हणायचे, पसरल्याशिवाय ओळख टिकत नाही. हेतलबेनच्या म्हशीत बसून तू ओरडलास ना? मग ती म्हैस कुणीतरी कान लावून केलेली होती. कंपनीने नुसती पाटी लावली नव्हती. बेडकीला जे लोक ऐकत होते तसेच लोक तिने म्हशीपाशीही उभे केले असणार, वर्षानुवर्षं. तू म्हणाला होतास, पाणी कोण घालतो ते बघ. ते उत्तर होतं, दादा, आणि तू विषय बदललास असं मी समजले. मी तुला पाटीचे रंग सांगितले, अक्षरांचा आकार सांगितला. दुसरा नंदू तयार व्हायला किती वर्षं लागतील, हे मी वहीत कुठेच काढलं नव्हतं. लक्ष्मणला बावीस लागली. तुझ्या कंपनीला घाई नव्हती, मला होती.

आणि अत्तराबाबत मात्र तू बरोबर होतास. अत्तर मूर्खपणाच आहे. ते घे तुला.

आता कालचं सांगते आणि थांबते.

बारावी कॉमर्सच्या वर्गाला मी दर वर्षी ब्रँडचा धडा शिकवते. दर वर्षी तुझ्या कंपनीचं उदाहरण देते, तुझी बाजू एका वाक्यात सांगते आणि माझी अर्धा तास. काल फळ्यावर लिहिलं, 'नाव पसरलं की पातळ होतं का?' आणि तुझ्या बाजूने बोलायला लागले. पूर्ण तास. बेडकी सांगितली, शेळी-कोंबडी सांगितली, चिकू सांगितला. तुझं नाव न घेता रानशेतचा रस्ता सांगितला. मागच्या बाकावर मोबाईल चालतात, काल नाही चालले. जीप थांबली तेव्हा अख्ख्या वर्गाने श्वास सोडला! शेवटी हात वर करायला सांगितले. तुझ्या बाजूने जवळजवळ सगळे. मी माझ्याच वर्गात, माझ्याच विषयात, तुझ्याकडून आडवी पडले आणि फळा पुसताना हसत होते.

एक हात मात्र वर आला नव्हता. मनाली, झाईची. तिच्या घरी होडी आहे, आजी डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकते. घंटा झाली तरी ती दप्तर भरेना. माझ्यामागून जिना उतरली, गेटबाहेर आली, एसटीच्या थांब्यापर्यंत आली.

"मॅडम, मला नाही पटलं. माझी आजी आधी फक्त बोंबील विकायची. लोक म्हणायचे, बोंबील घ्यावा तर हिचाच. मग तिने जवळा ठेवला, सोडे ठेवले. सगळे म्हणाले, आता हिचं गेलं. काय गेलं? त्याच पैशांतून बोंबील वाळवायला नवीन मांडव घातला. आता बोंबील आधीपेक्षा चांगला वाळतो. तुम्ही येऊन बघा."

"पण तुझी आजी एकटी किती टोपल्यांकडे बघणार?"

"एकटी कशाला? आई आहे. मी आहे. मला वास घेऊन कळतं, कुठला ओला राहिलाय."

"कधीपासून कळतं?"

"पाचवीपासून. पण मॅडम, ते जीपचं उदाहरण तुम्ही मुद्दाम घेतलंत. त्याने वर्ग तुमच्या बाजूला गेला. ते बरोबर नाही."

बोर्डीची बस आली. आम्हा दोघींचीही तीच बस, माझी बोर्डीपर्यंत, तिची पुढे झाईपर्यंत. ती बोलतच होती. हात हलवत, अगदी तावातावाने, समोर मी शिक्षिका आहे हे विसरून. कंडक्टरने दोनदा विचारलं, "मॅडम, यायचंय ना?" पुढची बस तासाभराने होती.

मी त्याला हाताने जा म्हटलं आणि मनालीला म्हणाले, "बरं. आता माझं ऐक."